एका कार्डावर दोन पुस्तकं

“मॅडम, ऐतिहासिक द्या की एखादं. चांगलं.”

कोल्हापुरात गंगावेशीतून पंचगंगेकडे उतरताना आमचं वाचनालय लागतं. तिथं काउंटरला बसून मला वीस वर्षं होतील. पुस्तक बदलायला येणाऱ्यांतला दर तिसरा माणूस हेच म्हणतो. लग्नात जेवायला बसले तरी शेजारची बाई पापड मोडता मोडता विचारते, “तुम्ही लायब्ररीत ना? मग ऐतिहासिक कुठली वाचू?” तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट लिहूनच काढते.

आमच्याकडे एका कार्डावर एका वेळी दोन पुस्तकं मिळतात. माझं उत्तर या नियमातच आहे. ऐतिहासिक कादंबरी एकटी नेऊ नका. जोडीनं न्या, आणि दुसरी शक्यतो पहिलीच्या पलीकडच्या बाजूची न्या.

ही सवय मला कोल्हापुरानंच लावली. चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे रणजित देसाई, आजऱ्याचे शिवाजी सावंत, शाहूवाडीतल्या नेर्ल्याचे विश्वास पाटील. ‘स्वामी’, ‘छावा’, ‘पानिपत’. एवढा ऐवज एकाच जिल्ह्यानं दिल्यावर इथल्या वाचकाला ही पुस्तकं घरची वाटतात, आणि घरच्या माणसाचं बोलणं कोण तपासत बसतंय? त्यात पन्हाळा उंबऱ्याशी. कादंबरीतला संवाद दुसऱ्या दिवशी चौकात इतिहास म्हणून ऐकू येतो. “महाराज असं म्हणालेत,” असं छातीठोक सांगणाऱ्याला “कुठं म्हणालेत?” विचारावं, तर तो पान नंबर सांगतो. नंबर बरोबर असतो. कादंबरीचा.

आता पहिली कुठली ते. बहुतेक जण ‘श्रीमान योगी’ मागतात. जुन्या वाचकाला देते, नव्याला अडवते. हजारावर पानं आहेत. मुदत पंधरा दिवसांची. पंधराव्या दिवशी दीडशे पानांवर खूण ठेवून पुस्तक परत आणणारा माणूस मनातून खजील झालेला असतो आणि पुढचे तीन महिने आमच्या दारावरून जाताना मान खाली घालतो. असे चार-पाच वाचक मी स्वतः घालवलेत, म्हणून सांगते. ज्यांनी नेलंच त्यांना एवढंच म्हणते की नरहर कुरुंदकरांची प्रस्तावना कादंबरी संपल्यावर वाचा. पुस्तक मिटताना डोळे भरलेले असतात. अशा वेळी शिवाजी महाराजांकडे हात जोडून नव्हे, तर प्रश्न विचारत बघणारा एक माणूस समोर येऊन बसतो. तिथं जोडीचं पुस्तक त्याच जिल्दीत बांधलेलं आहे.

नव्यांना ‘स्वामी’. १९६२ ची कादंबरी, पण आजही कार्ड नवं निघालं की पहिला शिक्का बऱ्याचदा तिच्यावरच बसतो. सोळाव्या वर्षी पेशवा झालेला आणि सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला क्षयानं गेलेला माधवराव. एकाच वाड्यात राज्य आणि घर, काका शत्रूही आणि वडीलधाराही. वाचणाऱ्याला ते लांबचं वाटतच नाही. वाटणीवरून भांडणारे चुलते कुणाच्या घरात नाहीत? मला विचाराल तर त्यातली माणसं थोडी जास्तच धुतल्या तांदळाची आहेत, आणि बोलतातही सणासुदीचे कपडे घातल्यासारखी. म्हणून जोडीला ना. सं. इनामदारांची ‘मंत्रावेगळा’ देते. तोही पेशवाच, पण दुसरा बाजीराव. शाळेत आपण त्याला पळपुटा म्हणून शिकलो आणि तेवढ्यावर विषय मिटवला. इनामदारांना अशी नावं ठेवलेली माणसंच आवडायची. त्र्यंबकजी डेंगळे ‘झेप’मध्ये, यशवंतराव होळकर ‘झुंज’मध्ये, खुद्द औरंगजेब ‘शहेनशहा’मध्ये. आवडता पेशवा आणि नावडता पेशवा एकाच पिशवीतून घरी गेले की वाचक परत आल्यावर जरा वेगळं बोलतो, हे मी पाहिलंय.

तालमीतल्या एका पोरानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “मॅडम, जाड नको.” मान म्हणजे खांब, आणि पुस्तक धरलं होतं कबुतराचं पिल्लू धरावं तसं. त्याला देसायांचीच ‘पावनखिंड’ दिली. बारीक पुस्तक आहे. सिद्दी जौहरचा वेढा, शिवाजी महाराजांचं सोंग घेऊन पालखीत बसलेला शिवा काशिद, १३ जुलै १६६० ला खिंडीत उभे राहिलेले बाजीप्रभू. त्याच जुलैत तो मित्रांबरोबर पन्हाळा ते पावनखिंड चालून आला. दोन दिवस चिखल, जळवा, भात लावणीची खाचरं. आल्यावर पुस्तक काउंटरवर ठेवून म्हणाला, “मॅडम, पुस्तकात पाऊस कमी हाय.” इतकं नेमकं परीक्षण मी कुठल्या दिवाळी अंकात वाचलेलं नाही.

त्याला पुढं दिली ‘फकिरा’. अण्णा भाऊ साठ्यांची ही कादंबरी १९५९ ची. आमच्याकडे ती पूर्वी ग्रामीण साहित्याच्या कपाटात होती. मी उचलून ऐतिहासिकमध्ये आणून ठेवली, त्यावरून थोडी कुरबुरही झाली. पण वारणेकाठचा एक मांग तरुण इंग्रजी अमलाशी झुंजतो, दुष्काळात गाव मरायला लागल्यावर धान्य लुटून आणतो, बापानं गावाला जत्रेचा मान मिळवून देणाऱ्या जोगणीसाठी जीव दिलेला असतो. हा इतिहास नाही तर काय? गादीवर बसलेल्यालाच इतिहास असतो असं थोडंच आहे! अण्णा भाऊ वाटेगावचे, म्हणजे वारणा ओलांडली की आलंच. पोरानं दोन दिवसांत वाचून परत आणली आणि “ह्यांचं अजून काय हाय?” विचारलं. त्याच्या कार्डावर आता ‘श्रीमान योगी’चाही शिक्का आहे. मी अडवलं नाही.

जाड पुस्तकांवरून आठवलं. वजनामुळं ती आम्ही सगळ्यात खालच्या फळीवर ठेवायचो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा आत आली तेव्हा साहजिकच आधी इतिहास भिजला. वरच्या फळ्यांवरचे विनोदी कथासंग्रह कोरडे ठणठणीत. पाणी ओसरल्यावर आत गेलो, तर ‘महानायक’ फुगून दुप्पट झालेलं, फळीतून निघेना. ओढलं तर पुठ्ठा हातात आला आणि नेताजी आतच राहिले. ओली पानं सोडवायला आम्ही भाकरीची उलथनी वापरली. पंख्याखाली, सुतळीवर, जिन्याच्या कठड्यावर पानं वाळत घातली. चाळीसेक पुस्तकं बचावली, बाकीची रद्द नोंदवहीत गेली. आता जाड पुस्तकं छातीच्या उंचीवर असतात, खालच्या फळीत जुने अंक.

‘पानिपत’ची जोडी मला एका गिऱ्हाइकानं शिकवली. वाचकाला गिऱ्हाईक म्हणू नये, पण ते शाहूपुरीत अडत दुकान चालवलेले गृहस्थ, स्वतःच तसं म्हणायचे. विश्वास पाटलांची ही कादंबरी १९८८ ची. लाखाचा तळ, बुराडी घाटावर पडलेले दत्ताजी शिंदे, १४ जानेवारी १७६१ चा दिवस, सगळं डोळ्यांसमोर उभं करते. आम्ही बाकीचे तिच्यात शौर्य वाचतो. हे आप्पा धान्य वाचत होते. “अडीच महिने समोरासमोर बसायचं, तर आधी गोणी मोजायला नकोत? मागून माल येणार कुठनं, वाट कोण सांभाळणार, काय न्हाई. माणसं उपाशी, जनावरं उपाशी.” मराठ्यांचे सेनापती सदाशिवराव भाऊ, त्यांच्या उधारीची खातेवहीच आप्पांनी काउंटरवर मांडली. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला पानिपत पहिल्यांदा समजलं.

त्यांना दुसरं पुस्तक म्हणून इनामदारांचीच ‘शिकस्त’ दिली. पानिपतावरून भाऊ परत आले नाहीत, पण त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी कुंकू पुसलं नाही. पुढं भाऊंचा तोतयाही निघाला. लढाई संपल्यावर वाड्यात काय उरतं, त्याची ही कादंबरी. आप्पांनी चार पानं चाळून “हे बायकांचं दिसतंय” म्हणून तोंड वाकडं केलं, तरी नेली. मुदत संपली, दंड सुरू झाला, पुस्तक येईना. शेवटी फोन केला तर म्हणाले, “हिनं घेतलंय. झालं की मी वाचणार. दंड लावा, पण मागू नका.”

पुरुष वाचकांना ‘शिकस्त’ मी मुद्दाम देते. घरात कुणाच्या तरी हाती लागतेच.

ताराराणींचं मात्र माझ्याकडं नीट उत्तर नाही, आणि कोल्हापुरात हा प्रश्न तर येणारच. कावळा नाक्यावरच्या पुतळ्यात घोडा उधळवत उभ्या असलेल्या बाईंवर कादंबरी द्या म्हणून कॉलेजच्या मुली येतात. राजाराम महाराज १७०० मध्ये गेले तेव्हा ताराबाई पंचविशीच्या. सात वर्षं त्यांनी औरंगजेबाला झुंजवत ठेवलं. मग शाहूंशी गादीचा तंटा, कोल्हापूरची वेगळी गादी, आणि १७१४ मध्ये आपल्याच घरात कैद. माणूस इथं संपायला हवा. या बाई म्हातारपणी साताऱ्याला पुन्हा राजकारणात उतरल्या, पेशव्यांना जेरीस आणलं, आणि १७६१ च्या डिसेंबरात गेल्या. म्हणजे पानिपतची बातमी ऐकून गेल्या! औरंगजेब ते अब्दाली, एवढं सगळं एका आयुष्यात. याच्या तोलाची कादंबरी अजून माझ्या वाचनात आलेली नाही, म्हणून मुलींना जयसिंगराव पवारांचा इतिहासग्रंथ देते. त्यातली एक म्हणाली, “मॅडम, ह्यात संवाद नाहीत, पण चालेल.” तिनं तो दोनदा नेला.

‘मृत्युंजय’ आणि ‘राधेय’ आम्ही पौराणिकमध्ये ठेवतो. लोक ऐतिहासिकमध्ये शोधतात, सापडलं नाही की आम्हाला बोल लावतात. कर्णाबद्दल एवढंच; तो वाद घालायला एक वेगळा दिवस काढावा लागेल. हरिभाऊ आपट्यांचा ‘उषःकाल’ मागणारे आता वर्षाला दोघं-तिघं. मागतात ते मात्र शेवटपर्यंत वाचतात.

राहिला ‘छावा’, सावंतांचा, संभाजीराजांवरचा. पुस्तक १९७९ चं, सिनेमा २०२५ च्या फेब्रुवारीत आला, आणि मार्चपर्यंत आमच्याकडं नंबर लागले. ‘बाजीराव मस्तानी’ आला तेव्हा इनामदारांच्या ‘राऊ’चं असंच झालं होतं. आमच्या दोन प्रतींपैकी एकीची बांधणी तिसऱ्यांदा केलीय. जुन्या नाटकांतले संभाजीराजे म्हणजे व्यसनी, उतावळे. वा. सी. बेंद्र्यांच्या १९६० च्या चरित्रानं आणि नंतर कमल गोखल्यांच्या ‘शिवपुत्र संभाजी’नं ते चित्र पुसलं, आणि सावंतांनी ते घराघरांत पोचवलं. तेव्हा ज्याला ‘छावा’ आवडली त्यानं गोखल्यांचं पुस्तक न्यावं, हे माझं ठरलेलं सांगणं. पण आमच्याकडच्या एका आजींनी ती जोडी स्वतःच बदलली.

आजी शुक्रवार पेठेतल्या, सत्तरी ओलांडलेल्या, चष्मा दोऱ्यानं गळ्यात. त्यांचा नंबर आला, ‘छावा’ नेली आणि बाराव्या दिवशी परत आणली. खूण शेवटापासून बरीच अलीकडं होती.

“संगमेश्वरापर्यंत वाचलं. पुढं काय झालं ते ठावं हाय मला. न्हाई वाचायचं.”

मी गोखल्यांचं पुस्तक काढायला उठले, तर म्हणाल्या, “ते नको. त्या औरंग्याचं हाय का? त्याचं शेवटी काय झालं तेवढं वाचते.”

‘शहेनशहा’ दिली. मोठा टाइप नव्हता, तरी नेली. एकदा मुदत वाढवून घेतली. परत आणली तेव्हा पिशवीतून पुस्तक काढून दोन्ही हातांनी माझ्यापुढं सरकवलं.

“मेला. पण लई वर्षं लागली.”

मी तारखेचा शिक्का मारला. पुढं काय देऊ, विचारलं.

“कुणी मरत न्हाई असं एखादं ऐतिहासिक हाय का?”

कपाटासमोर उभी राहून मी वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. माधवराव, बाजी, फकिरा, भाऊ. मग देसायांचं ‘राजा रविवर्मा’ काढलं. यात तलवार नाही, रंग आहेत, म्हटलं. आणि नंतर बोल नको म्हणून आधीच सांगून टाकलं, “हा पण जातो हं शेवटी. आजारपणानं.”

“चालतंय की,” म्हणाल्या, आणि कार्ड पुढं केलं.