टाटा ४०७ ट्रक अपडेट: चढावर इंजिनच्या तापमानाचा काटा लाल का जात होता, अखेर सापडलं

मंडळी, सापडलं! काल मुंब्रा बायपासचा अख्खा चढ दीड टन विटा घेऊन चढलो आणि काटा मधल्या रेघेच्या वर गेला नाही. तीन महिने ज्या चढावर निम्म्यात गाडी कडेला घ्यावी लागत होती तिथून सरळ रेतीबंदरला उतरलो. मामा शेजारी होता, पूर्ण चढभर एक शब्द बोलला नाही, नुसता काट्याकडे बघत होता, आणि कळव्यात विटा उतरवल्यावर म्हणाला, आता ही गाडी माझ्या गाडीसारखी वाटते. मामाने बारा वर्षं जुन्नरहून वाशी मार्केटला ४०७ वर भाजी आणलीय, त्यामुळे हे वाक्य मला खूप मोठं आहे.

आधीचं थोडक्यात. फॅन बेल्ट नवा, वॉटर बॉडी (इंजिनात पाणी फिरवणारा पंप) नवी, वरचा होज (रबरी नळी) नवा, रेडिएटरचं रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) झालं. रॉडिंगला खालची टाकी उघडली तेव्हा तळाला पिवळा चिखल निघाला, ती हळद. आधीच्या मालकाने गळती बंद करायला हळद टाकली होती, जुने ड्रायव्हर करतात हे, रस्त्यात अडकलेल्या माणसाला घरी पोचवायला तो उपाय ठीक आहे पण नंतर ती काढायची असते ना. वर बोअरवेलचं पाणी वर्षानुवर्षं, त्यामुळे जाळीच्या उजव्या बाजूच्या नळ्या क्षाराने जवळजवळ बंद. आपलं रेडिएटर तांबं-पितळेचं म्हणून झाळण वितळवून टाक्या उघडता आल्या, सळई फिरवता आली. प्लॅस्टिक टाकीच्या ॲल्युमिनियम रेडिएटरला हे होत नाही, म्हणून कोणी "हलकं आहे, बदलून टाक" म्हटलं तरी मी हेच ठेवणार.

एवढं करूनही चढावर काटा लाल. यार्डात अर्धा तास चालू ठेवा, काही नाही. शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्येही काही नाही. चढ आला, दुसरा गिअर, रेस वाढली की पाच मिनिटांत गरम, झाकणाखालून पाणी बाहेर. जवळच्या एका गॅरेजवाल्याने न बघताच सांगितलं, हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यातलं सील) गेलंय, हेड उतरवू. मी म्हटलं आधी तपासू. एका मित्राकडून ते निळ्या पाण्याचं टेस्टर आणलं, रेडिएटरच्या तोंडावर धरायचं, जळलेला गॅस कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात) येत असेल तर निळ्याचा रंग बदलतो. वीस मिनिटं धरून बसलो, निळं ते निळंच. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय नाही, एक्झॉस्टला पांढरा धूर नाही. हेड उतरवायचं नाही ठरवलं आणि त्या निर्णयाचा मला आज फार आनंद आहे.

मग एका सकाळी थंड गाडीचं बॉनेट उघडलं तर वरचा होज चपटा. लगेच कळलं, झाकण. रेडिएटरच्या झाकणात दोन वॉल (व्हॉल्व्ह) असतात, एक दाब जास्त झाला की बाहेर सोडतो, दुसरा छोटा इंजिन थंड होताना हवा किंवा बाटलीतलं पाणी परत आत घेतो. तो छोटा गंजून बसला होता म्हणून आत व्हॅक्यूम होऊन होज पिचकायचा. कळंबोलीहून ०.९ बारचं नवं झाकण आणलं. आकडा बघूनच घ्या, दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो, साधं पाणी १०० ला उकळतं ते ०.९ बार वरच्या दाबाला ११८ च्या आसपास जातं, म्हणजे ढिलं झाकण लावलं तर तेवढी राखीव जागा गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी होज गोल. मला वाटलं जिंकलो. संध्याकाळी बायपास. पुन्हा लाल. त्या दिवशी खरंच रडायला आलं.

आता वहीबद्दल सांगतो. मी इन्फ्रारेड थर्मामीटरने प्रत्येक वेळी रीडिंग लिहून ठेवतो (चकचकीत पितळेवर ते कमी दाखवतं म्हणून दोन्ही टाक्यांवर काळ्या टेपचा तुकडा लावलाय, तुम्हीही लावा, नाहीतर सगळे आकडे खोटे). रेस धरून घेतलेलं रीडिंग होतं, वरची टाकी ९६, खालची ५८. हे पान मी चार वेळा बघितलं असेल आणि दर वेळी मनात आलं की वा, रेडिएटर किती छान थंड करतोय. परवा रात्री जेवताना डोक्यात आलं की अरे, ३८ चा फरक चांगला नाहीये! व्यवस्थित वाहत असेल तर आठ-दहा डिग्रीचा फरक पडतो. एवढं थंड व्हायला पाणी जाळीत थांबून राहायला हवं. म्हणजे पाणी फिरतच नाहीये. रॉडिंग झालंय, वॉटर बॉडी नवी, मग अडतंय कुठे?

ताट तसंच ठेवून यार्डात गेलो, मामाला फोन करून बोलावलं. इंजिन गरम केलं, मी फॅनपासून लांब बाजूला वाकून टॉर्च खालच्या होजवर धरला आणि मामाला म्हटलं हळूहळू रेस दे. आयडलला होज गोल. थोडी रेस, गोल. अजून दिली आणि माझ्या डोळ्यांदेखत होज मधोमध आत गेला, दोन्ही बाजू एकमेकींना चिकटल्या. मी ओरडलो "सोड!" सोडला की परत गोल. तीनदा करून बघितलं, तीनदा तेच.

वॉटर बॉडी पाणी खालच्या होजमधून ओढते, म्हणजे ती शोषण्याची बाजू. जेवढी रेस तेवढी ओढ. म्हणून या होजच्या आत तारेची स्प्रिंग असते, ती त्याला उघडा धरते. आमच्यात स्प्रिंगच नव्हती. यार्डात कधी दिसलं नाही कारण यार्डात आपण तेवढी रेस देतच नाही. आणि मी हा होज बदलला नव्हता कारण बाहेरून जाड, चकचकीत, एक चीर नाही. काढून हातात घेतला तर लोण्यासारखा मऊ. वर बघितलं तर फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) बँजो बोल्टमधून, म्हणजे पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टमधून, डिझेलचा बारीक थेंब नेमका याच्यावर. डिझेलने रबर फुगतं आणि मऊ पडतं, म्हणून तो जाड दिसत होता. दहा-वीस रुपयांचे कॉपर वॉशर बदलले, थेंब बंद.

नवा होज कळंबोलीतूनच, कापडी थर असलेला, स्प्रिंगसकट. पहिल्या दुकानात स्प्रिंगशिवायचा दाखवला, "सगळे हेच लावतात" म्हणाला, मी परत ठेवला. क्लिपा रुंद पट्टीच्या घेतल्या, बारीक तारेच्या क्लिपा रबर कापतात. परत तीच रेस धरून रीडिंग: वर ८७, खाली ७८. नऊचा फरक! वहीत लाल पेनने लिहिलंय.

थर्मोस्टॅटचं विचारत होता काही जण. थर्मोस्टॅट म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा वॉल. त्याचं घर (तो बसतो ती जागा) उघडलं तेव्हा रिकामं होतं, कोणीतरी "गरम होते" म्हणून काढून टाकलेला. काढल्याने इंजिनातली बायपासची वाट (रेडिएटर टाळून जाणारी) उघडी राहते आणि काही पाणी रेडिएटरला न जाताच इंजिनात परत फिरतं, त्यामुळे चढावर उलट त्रास, शिवाय सकाळी इंजिन लवकर तापत नाही आणि धूर मारतं. नवा ८२ चा बसवला, त्याआधी पातेल्यात दोऱ्याने टांगून गॅसवर तपासला, ८१-८२ ला तोंड उघडलं. बसवल्यावर तोंडापर्यंत टाकी भरताना रेस कमी-जास्त करून हवा नीट काढा.

आता आज संध्याकाळी डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं भरणार होतो. पण हे लिहिता लिहिता एक गोष्ट मनात आली. जुन्या होजमधली स्प्रिंग कोणी काढून ठेवली होती की गंजून तुटून गेली? गेली असेल तर तुकडे कुठे गेले? रॉडिंगला टाकीत तारेचं काही निघालं नव्हतं, पण इंजिनच्या ब्लॉकमध्ये अडकलेलं असू शकतं, आणि नव्या वॉटर बॉडीच्या पंख्यात तार गेली तर सगळं परत. त्यामुळे कूलंट थांबवलं. आठवडाभर नुसत्या डिस्टिल्ड पाण्यावर ठाणे-बेलापूर रोडला फिरवतो, मग सगळं पाणी मलमलच्या फडक्यातून गाळून बादलीत घेतो, तळाला चुंबक फिरवतो. काही निघालं तर ब्लॉकचा ड्रेन कॉक उघडून उलट्या बाजूने पाण्याचा फवारा.

पेंटचं काम त्यामुळे पुढे गेलं, फाळक्यांवरची नक्षी दिवाळीनंतर. आरटीओची फिटनेस तपासणी त्याआधी आहे (आठ वर्षांवरच्या ट्रान्सपोर्ट गाडीला दरवर्षी लागतं), म्हणून कूलिंग झालं की मागचे ब्रेक ड्रम उघडतो. डावा पकडतोय असं काल विटांच्या लोडवर जाणवलं, उतारानंतर त्याच थर्मामीटरने बघितलं तर डावा ड्रम उजव्यापेक्षा ४० डिग्रीने गरम. कोणाकडे ४०७ चा हब पुलर (चाकाचा हब ओढून काढायचं अवजार) असेल तर सांगा, मी रविवारी घ्यायला येतो.