पत्त्याच्या वरची ओळ

ऑगस्टचा उत्तरार्ध हा टपालपेटीचा बाळंतपणाचा काळ. दुपारी जिन्याखाली जाऊन पेटी उघडावी तर आतली पाकिटं अंगावर येतात. कंपन्यांचं वर्ष मार्चअखेर संपतं, वार्षिक सभा सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची नोटीस पूर्ण 21 दिवस आधी द्यावी लागते. म्हणून ज्यांच्या घरी थोडेफार शेअर आहेत त्यांच्याकडे या दिवसांत पाकिटांची रांग लागते. पूर्वी गुळगुळीत कागदाचे जाडजूड अहवाल यायचे. आता ज्या भागधारकाचा ईमेल नोंदलेला नाही त्याला बहुधा एकपानी पत्र येतं, आणि अहवाल कुठे वाचायचा ती लिंक त्यात छापलेली असते. म्हणजे ज्याच्याकडे ईमेल नाही त्यानेच तो लांबलचक वेबपत्ता एकेक अक्षर बघून टाइप करायचा. ही योजना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला भेटायला आवडेल.

बहुतेक घरांत पाकीट फाडतात, आतला कागद उलटसुलट बघतात आणि सगळं मिळून रद्दीच्या गठ्ठ्यावर टाकतात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. टपाल थांबवायचं असेल तर आतला कागद फारसा कामाचा नाही. कामाची असते ती बाहेरच्या चिठ्ठीवर नावपत्त्याच्या वर बारीक टाइपात छापलेली ओळ. तिच्यात आकडे असतात आणि ते कुणी वाचत नाही.

आयएन या दोन इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असेल, त्यापुढे सहा आकडे आणि मग आणखी आठ, तर ते डीमॅट खातं, म्हणजे शेअर कागदाऐवजी संगणकावर ठेवणारं खातं, एनएसडीएल या डिपॉझिटरीकडचं, म्हणजे असे शेअर सांभाळणाऱ्या संस्थेकडचं. सलग सोळा आकडे असतील तर सीडीएसएल या दुसऱ्या डिपॉझिटरीकडचं. आणि नुसता चार-सहा आकड्यांचा, कधी मागेपुढे एखादं अक्षर असलेला फोलिओ क्रमांक, म्हणजे कंपनीच्या नोंदीतला आपला खाते क्रमांक, असेल तर ते शेअर अजून कागदी सर्टिफिकेटच्या रूपात कुठल्यातरी ट्रंकेत पडलेले आहेत. कुणाकडे जायचं ते यावरूनच ठरतं. डीमॅट असेल तर ईमेल बदलायचा तो डीपीकडे, म्हणजे ज्या बँकेत किंवा ब्रोकरकडे खातं आहे तिथे. लोक कंपनीच्या सेक्रेटरीला पत्र लिहितात, तो नम्र उत्तर पाठवतो आणि पुढच्या ऑगस्टला पाकीट हजर. कंपनीच्या हातात काही नसतंच. डिपॉझिटरीकडून भागधारकांची जी यादी येते, जिला या धंद्यात ‘बेनपॉस’ म्हणतात, तिच्यात जे असेल त्यावरच चिठ्ठ्या छापल्या जातात. यादी एका ठरावीक तारखेची काढलेली असते. त्यामुळे आज डीपीकडे बदल केला तरी आधीच्या यादीवरची एखादी खेप येणारच. तेवढ्यावरून ‘काही उपयोग नाही यांचा’ म्हणून पुन्हा अर्ज भरू नये.

कागदी शेअर असतील तर कंपनीच्या भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे आरटीएकडे जायचं. त्याचा पत्ता शोधावा लागत नाही. पाकिटाच्या मागे ‘न मिळाल्यास परत पाठवा’ या अर्थाच्या इंग्रजी ओळीखाली बहुधा तोच असतो. तिथे आयएसआर-1 नावाचा फॉर्म पाठवायचा, सोबत पॅनची स्वतः सही केलेली प्रत, पत्त्याचा पुरावा आणि नाव छापलेला रद्द केलेला चेक. सही जुळत नसेल तर आयएसआर-2, त्यावर बँकेकडून सही साक्षांकित करून घ्यायची. आणि सही जुळत नाहीच. तीस वर्षांपूर्वी अर्ज करताना केलेली ती ऐटदार, शेपटीवाली सही आज त्याच माणसाला जमत नाही. कागद बंद व्हावा म्हणून आधी इतका कागद पाठवायचा याचं वाईट वाटून घेऊ नये. त्या फोलिओची केवायसी पूर्ण नसेल तर 1 एप्रिल 2024 पासून लाभांशही मिळत नाही, तेव्हा हे काम नाहीतरी करायचंच असतं.

एकाच कंपनीची दोन पाकिटं एकाच दिवशी येतात तो प्रकार वेगळा. दोन्ही शेजारी ठेवून नावं बघावीत. एकावर आद्याक्षरं, दुसऱ्यावर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव. किंवा एकावर आधी नवरा मग बायको, दुसऱ्यावर आधी बायको. संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी कुटुंबं आहेत. फोलिओ एकत्र करून मिळतात, पण नावं आणि त्यांचा क्रम अगदी सारखा असेल तरच.

ईमेल दिला की प्रश्न सुटला असंही नाही. कुणाचा ईमेल दिला हे महत्त्वाचं. कित्येक ज्येष्ठांच्या खात्याला मुलाच्या जुन्या कंपनीचा ईमेल जोडलेला असतो. मुलगा नोकरी सोडून गेला, ईमेल बंद पडला आणि नोटिसा कुठेच पोचत नाहीत. कागदही नाही आणि ईमेलही नाही, अशी ती शांतता भल्या माणसांना सुखाची वाटते. नवराबायको, अवलंबून असलेली मुलं किंवा आईवडील यांच्या खात्यांना एकच ईमेल चालतो, फक्त तसं डीपीला लिहून द्यावं लागतं. आणि अहवाल हातात घेऊनच वाचायची सवय असेल तर कंपनीकडे छापील प्रत मागता येते. मागणाऱ्याला ती द्यावीच लागते. मला असे दोन-चार हट्टी वाचक असावेत असं वाटतं. ताळेबंदाखालच्या टिपा मोबाइलवर वाचणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

बाकीचं टपाल त्यामानाने सरळ. बँकेचं स्टेटमेंट नेटबँकिंगमधून बंद होतं, मात्र क्रेडिट कार्डाचं वेगळं बंद करावं लागतं, आणि ईमेलने येणाऱ्या पीडीएफचा पासवर्ड कसा बनतो ते त्याच ईमेलच्या तळाशी लिहिलेलं असतं. महावितरणच्या बिलासाठी कागदाऐवजी ईमेलने बिल घेण्याची ‘गो-ग्रीन’ योजना आहे. छापील बिलावर डाव्या कोपऱ्यात वर जीजीएन हा 15 आकडी क्रमांक असतो, तो टाकून नोंदणी होते आणि बिलात सवलतही मिळते. विम्यासाठी ई-इन्शुरन्स खातं काढता येतं, जुन्या पॉलिसी त्यात घालता येतात. पण आयुर्विम्याचा मूळ बाँड कागदी असेल तर तो अनावश्यक कागदांच्या उत्साहात रद्दीत जाऊ देऊ नका. मुदत संपल्यावर तोच मागतात.

पेपरात घुसवलेल्या जाहिरातींबद्दल पेपर टाकणाऱ्या मुलाला ओरडून काही होत नाही. पहाटे अंकांची थप्पी उतरते तिथेच त्या आत भरल्या जातात, तो बिचारा फक्त सायकल मारतो. सोसायटीच्या पेट्यांत थेट टाकली जाणारी पत्रकं मात्र थांबू शकतात. पाटी लावून नव्हे, वॉचमनला कमिटीने तोंडी सांगून. फोनवरच्या जाहिराती थांबवायला 1909 हा नंबर आहे, टपालपेटीसाठी तसा नंबर लावता येत नाही. तिथे वॉचमनच 1909.

जुन्या भाडेकरूच्या नावाची पाकिटं न फोडता, ‘या पत्त्यावर राहत नाही’ असं लिहून पोस्टमनकडे परत द्यावीत. दोन-तीनदा परत गेली की पाठवणाऱ्याला उमगतं. हाच नुस्खा स्वतःच्या नावाच्या रजिस्टर पत्राला लावू नये. नोटीस घ्यायला नकार दिला तरी ती मिळाली असंच कोर्टात धरलं जातं, वर आत काय होतं ते आपल्याला कळलेलं नसतं. आणि रद्दीत टाकण्याआधी चिठ्ठीचा भाग फाडून वेगळा करावा. नाव, पत्ता, फोलिओ सगळं एका जागी असलेला कागद भेळेच्या पुड्याला कशाला द्यायचा?

आपल्याकडे एके काळी प्रत्येक घरात भिंतीला एक तार असे. खाली लाकडी गोल चकती, वर टोकदार आकडा. आलेलं पत्र वाचून झालं की त्यात खोचायचं. पोस्टकार्ड, आंतर्देशीय, विजेचं बिल, दूधवाल्याचा हिशेब, सगळं एकाच तारेत, तारखेच्या क्रमाने. चौदा महिन्यांपूर्वीचं काही हवं असेल तर तार उलटी करून खालून मोजत यायचं. टपाल कमी होतं म्हणून ते जमत होतं हे खरं, पण कुठलंही पत्र न बघता टाकायचं नाही ही शिस्तही त्या तारेने लावलेली होती.

आजही एक प्रकारचं टपाल बंद करायची घाई करू नये, ते म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावाने येणारं. ते बघवत नाही, म्हणून मुलं पोस्टमनला सांगून टाकतात, परत पाठवा. सात वर्षं सलग लाभांश कुणी घेतला नाही की तो पैसा, आणि त्यामागचे शेअरसुद्धा, सरकारच्या आयईपीएफ निधीकडे वर्ग होतात. तसं करण्याच्या तीन महिने आधी कंपनी एक पत्र पाठवते, नोंदीतल्या शेवटच्या पत्त्यावर, गेलेल्या माणसाच्याच नावाने. त्यानंतरही आयईपीएफ-5 हा फॉर्म भरून ते परत मागता येतं, पण मागणाऱ्याला फोलिओ तरी माहीत हवा, आणि कित्येक घरांत तो फक्त त्या पाकिटावर असतो. तेव्हा एक पूर्ण वर्ष सगळी पाकिटं येऊ द्यावीत, प्रत्येकावरची पत्त्याच्या वरची ओळ वहीत उतरवावी. दुसरं नाव जोडलेलं असेल तर मृत्यूचा दाखला देऊन पहिलं कमी करून घ्यावं, नसेल तर वारसाच्या नावावर करून घ्यावं. ईमेल त्यानंतर द्यावा, तोही वारसाचा.