बोअरिंगच्या मशीनवरून जुन्या जीपपर्यंत

वडिलांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअरिंगचं, म्हणजे इंजिनाचे सिलिंडर आतून कातून नीट करायचं मशीन टाकलं ते शेतीपंपांच्या इंजिनांसाठी. विजेवरचे पंप वाढले तसं ते काम आटलं आणि मी गॅरेजकडं वळलो. जीप आली ती योगायोगानं.

उसाच्या मळ्यात, गोठ्याला लागून उभी होती. आरसी बुकात ‘विलीज’ लिहिलेलं. आपल्याकडं महायुद्धातल्या जीपला सरसकट विलीजच म्हणतात. पण चॅसीचा, म्हणजे गाडीखालच्या सांगाड्याचा, अगदी पुढचा आडवा दांडा विलीजला गोल पाइपचा असतो, फोर्डला उलट्या ‘यू’ आकाराचा. हिचा ‘यू’ होता. चिखल खरवडला तर बोल्टांच्या डोक्यांवर फोर्डचं ‘एफ’ हे अक्षर दिसलं. 1941 ते 1945 या काळात दोन्ही कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या. ब्रह्मदेशच्या आघाडीमुळं त्यांतल्या कितीतरी भारतात आल्या आणि युद्धानंतर इथंच लिलावात गेल्या. त्या दिवसापासून आमच्या शेडमध्ये ‘एफ’चा एकही बोल्ट भंगारात जात नाही.

इंजिन मात्र डिझेलचं बसवलेलं. पेट्रोलचा खर्च परवडत नव्हता, म्हणून त्या काळी अनेकांनी तेच केलं. त्यात मला काही चूक वाटत नाही. मूळ जातीचं, 2.2 लिटरचं, 60 अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन शोधायला दीड वर्ष गेलं. मिळालं ते भंगारात, पाण्याच्या जॅकेटला, म्हणजे इंजिन थंड ठेवायला पाणी फिरतं त्या पोकळीच्या भिंतीला, चीर गेलेलं. घाई करून आम्ही आर्क वेल्डिंग मारलं. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना चीर दोन बोटं आणखी पुढं सरकली. ती रात्र मला झोप लागली नाही. शेवटी फाउंड्रीतल्या एका जुन्या मिस्त्रींनी वाट दाखवली: चिरेच्या दोन्ही टोकांना भोक पाडायचं, मग तिच्यावर ओळीनं आटे पाडून पिना बसवत जायचं, उष्णता लावायचीच नाही. तो ब्लॉक आजही गळत नाही. सिलिंडर वडिलांच्याच मशीनवर बोअर केले.

वायरिंग 6 व्होल्टचंच ठेवलं. 6 व्होल्टला तेवढ्याच कामासाठी 12 व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो. बारीक केबल टाकली की स्टार्टर रडतो. केबल जाड घेतली, अर्थिंग घासून स्वच्छ केलं, आणि सेल्फ मारल्याबरोबर इंजिन धरलं.

रंगावरून थोडं वाजलं. मालकांच्या नातवाला लष्करी हिरवा हवा होता. त्याला सांगितलं, “दादा, मोटार वाहन नियम 121 प्रमाणं तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. एखाद्या दिवशी हौस होईल, पण रस्त्यावर अडकाल.” अमेरिकी नौदलाच्या जीपा राखाडी असत, तोच रंग दिला. आता हे बोलणं आम्ही काम घेण्याआधीच करतो. 50 वर्षांवरच्या गाडीला 2021 च्या नियमांप्रमाणं व्हिंटेज गाड्यांसाठीचा ‘व्हीए’चा नंबर घेता येतो, हेही तेव्हाच सांगतो.

गाडी न्यायला संध्याकाळी नातू आजींना घेऊन आला. या जीपचा हेडलाइट उलटा फिरवता येतो, रात्री इंजिनवर उजेड पडावा म्हणून. मी दाखवायला गेलो तर आजी म्हणाल्या, “ठाऊक हाय मला. हे असाच फिरवून ठेवायचे आणि मला पाना धरायला लावायचे.” मग त्यांनी तो स्वतःच्या हातानं फिरवला.

सध्या शेडमध्ये जबलपूरच्या कारखान्यातली जोंगा, म्हणजे लष्करासाठी बनलेली जीपसारखी गाडी, उभी आहे. तिचा मूळ कार्बोरेटर गेलाय. कुणाच्या माळ्यावर एखादा पडून असेल, तर तुटका असला तरी फेकू नका. आम्ही येऊन घेऊन जाऊ.