हलक्या ओट्स-चॉकलेट चिप कुकीज: बटर किती कमी करायचं आणि कुठे थांबायचं

कुकीज हलक्या करायच्या म्हटलं की सगळ्यात आधी बटरवर गदा येते. बटर काढून त्या जागी सफरचंदाचा गर किंवा कुस्करलेलं केळं घातलं जातं आणि ओव्हनमधून बाहेर येतो तो चपटा, ओलसर केक. फळाच्या गरात बहुतेक पाणीच असतं. बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो आणि तो पिठाच्या कणांवर थर धरून ग्लुटेनला, म्हणजे पिठाला चिवटपणा देणाऱ्या प्रथिनांच्या जाळ्याला, आवर घालतो. तो गेला आणि वर पाणी वाढलं, की ग्लुटेन मोकाट सुटतं. मग कडा कुरकुरीत होत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी कुकी चिवट लागते. म्हणून बटर निम्मं करायचं आणि तिथे थांबायचं. त्याखाली गेल्यावर कॅलरी थोड्याच वाचतात, कुकी मात्र हातची जाते.

हे प्रमाण सुमारे २० कुकीजचं आहे. रोल्ड ओट्स १०० ग्रॅम, कणीक ८० ग्रॅम, बिनमिठाचं बटर ४५ ग्रॅम, ब्राउन शुगर ८० ग्रॅम, एक अंडं, दूध २ मोठे चमचे, डार्क चॉकलेट ६० ग्रॅम, व्हॅनिला १ छोटा चमचा, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, खायचा सोडा पाव छोटा चमचा, मीठ पाव छोटा चमचा भरून. दालचिनी आवडत असेल तर अर्धा छोटा चमचा. एवढ्याच ओट्स-पिठाला नेहमीच्या कृतीत ८५–९० ग्रॅम बटर, १२० ग्रॅम साखर आणि तितकंच किंवा त्याहून जास्त चॉकलेट पडतं. कप-चमच्यांपेक्षा वजनकाटा वापरा. कपात दाबून भरलेली कणीक सहज २०–२५ ग्रॅम जास्त येते, आणि स्निग्धांश कमी असलेल्या कुकीत एवढी चूक लगेच जाणवते.

बटर कमी आहे, तर त्याच्याकडून चव जास्त काढायची. जाड बुडाच्या लहान पातेल्यात ते मंद आचेवर वितळवा. आधी तडतडतं, म्हणजे त्यातलं पाणी उडत असतं. मग फेस येतो आणि तळाशी बदामी कण दिसू लागतात. खमंग वास सुटला की लगेच दुसऱ्या भांड्यात ओता, कणांसकट. गरम पातेल्यात राहिलं तर अर्ध्या मिनिटात काळं पडतं. ४५ ग्रॅमचे साधारण ३८ ग्रॅम उरतात. उडालेल्या पाण्याची भरपाई दुधातून होते. ओट्सही कोरड्या कढईत मध्यम आचेवर पाच मिनिटं परतून पूर्ण गार करा. मला विचाराल तर या दोन पायऱ्या वगळून ही कृती करण्यात अर्थ नाही. बाकीची बरीच कपात यांच्याच जोरावर खपते.

साखर एक तृतीयांशने कमी केली आहे. आणखी कमी केली तर गोडी जाते तशी रचनाही बिघडते. साखर भट्टीत वितळते म्हणून कुकी पसरते, ओलावा धरते आणि तपकिरी होते. साखर फार कमी झाली तर गोळा जसा ठेवाल तसाच फिकट, कोरडा बाहेर येतो. स्टीव्हियासारख्या गोड पदार्थांचीही हीच अडचण: गोडी येते, पण साखरेचा आकार आणि ओलावा येत नाही. ब्राउन शुगरमधली मळी किंचित आम्ल असते, त्यामुळे सोड्यालाही काम मिळतं. मध घालायचा असेल तर ७० ग्रॅम घ्या, दूध एकच चमचा ठेवा आणि ओव्हन १० अंशांनी कमी करा, कारण मधामुळे रंग लवकर चढतो.

चॉकलेट चिप्सऐवजी ७० टक्के कोको असलेल्या डार्क चॉकलेटची वडी सुरीने चिरलेली बरी. चिप्समध्ये कोको बटर सहसा कमी असतं, म्हणून त्या भट्टीतही आकार धरून बसतात. चिरलेल्या वडीचे बारीक तुकडे आणि भुगा सगळ्या पिठात मिसळतात, त्यामुळे ६० ग्रॅमही भरपूर वाटतं. चिप्सच हव्या असतील तर लहान आकाराच्या घ्या आणि चमचाभर बाजूला ठेवून भाजण्याआधी वरून दाबा.

कोमट बटरमध्ये साखर घोटा, मग अंडं, दूध आणि व्हॅनिला घालून मिनिटभर फेटा. बटर गरम असेल तर अंड्याच्या गुठळ्या होतील. कणीक, सोडा, बेकिंग पावडर आणि मीठ चाळून घाला आणि कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंतच उलथन्याने हलवा. इथे जास्त घोटणं सगळ्यात महागात पडतं. शेवटी ओट्स आणि चॉकलेट. मिश्रण सैल, चिकट दिसेल. वरून कणीक घालू नका. झाकून ३० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवलं की ओट्स आणि कणकेतला कोंडा पाणी शोषतात आणि गोळे वळता येतात. झटपट शिजणारे बारीक ओट्स जास्त पाणी पितात, कुकी पिठूळ होते. तेच घरात असतील तर ९० ग्रॅम घ्या. स्टील-कट ओट्स (चपटे न करता नुसते तुकडे केलेले) मात्र नकोत, ते दाताखाली कच्चेच राहतात.

आता गोळे. प्रत्येकी २२ ग्रॅम, वजन करूनच. कॅलरी खऱ्या वाचतात त्या इथे. या पिठाच्या २२ ग्रॅमच्या कुकीत साधारण ८५ कॅलरी येतात आणि नेहमीच्या पिठाच्या तेवढ्याच गोळ्यात शंभरच्या जवळपास. म्हणजे बटर-साखरेच्या सगळ्या काटछाटीने दहा-पंधरा कॅलरींचा फरक पडतो. पण नेहमीची ४० ग्रॅमची कुकी १७० च्या पुढे जाते. घटकांवर तासभर डोकं लावून गोळे अंदाजाने मोठे वळले, तर सगळी मेहनत वाया.

स्निग्धांश कमी असल्याने या कुकीज स्वतःहून फारशा पसरत नाहीत. बटर पेपर घातलेल्या ट्रेवर ओल्या बोटांनी किंवा पेल्याच्या बुडाने दाबून एक सेंटिमीटर जाड करा. आधीपासून तापवलेल्या ओव्हनमध्ये १७० अंश सेल्सिअसला, मधल्या कप्प्यात १० ते ११ मिनिटं. पंख्याचा ओव्हन असेल तर १५५. कडा घट्ट आणि मधला भाग अजून कच्चट दिसतोय, तेव्हाच बाहेर काढायचं. ट्रेवर पाच मिनिटांत मधला भाग बसतो, मग जाळीवर. मध्यभागी रंग येईपर्यंत थांबलात तर गार झाल्यावर त्या कडक होणार. भरपूर बटरची कुकी दोन मिनिटं जास्तीची सहन करते, ही करत नाही.

तळ काळा आणि वरून फिकट असेल तर ट्रे गडद रंगाचा किंवा खालच्या कप्प्यात असतो. वर घ्या किंवा खाली दुसरा ट्रे जोडा. साबणासारखी चव आली तर सोडा जास्त पडला आहे. खाताना भुगा होत असेल तर पिठाला विश्रांती कमी मिळाली किंवा कणीक जास्त झाली.

अंडं नको असल्यास १ मोठा चमचा जवसाची पूड ३ मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून घाला. कुकी किंचित ठिसूळ होते, पण चालते.

घट्ट झाकणाच्या डब्यात या तीन दिवस चांगल्या राहतात, त्यानंतर कोरड्या पडतात. म्हणून सगळ्या एकदम भाजू नका. उरलेले गोळे आधीच चपटे करून ट्रेवर गोठवा आणि मग पिशवीत भरा. गोलच गोठवले तर नंतर दाबता येत नाहीत. असे दोन महिने टिकतात. न वितळवता थेट ओव्हनमध्ये घाला आणि वेळ दोन मिनिटांनी वाढवा.