तुम्ही विचारलंत म्हणून: जॅनेट लिनचं नाव अजून का निघतं?

ऑलिंपिकमध्ये अमेरिकन फिगर स्केटर जॅनेट लिनला मिळालं कांस्यपदक. मग फिगर स्केटिंगचा विषय निघाला की जाणकार तिच्याबद्दल इतकं का बोलतात, असं बरेच जण विचारतात.

१९७२च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये निम्मे गुण ‘कम्पल्सरी फिगर्स’ना होते. त्यात ना संगीत, ना उड्या. कोऱ्या बर्फावर आपल्या उंचीच्या साधारण तिप्पट व्यासाची वर्तुळं जोडून आठाचा आकडा काढायचा आणि त्याच रेघेवरून पुन्हा फिरायचं. मग परीक्षक वाकून रेघ तपासत. स्केटच्या बुटाखालच्या पात्याला मधोमध खोलगट पन्हळ असते, म्हणून आतली आणि बाहेरची अशा दोन कडा तयार होतात. तोल एका कडेवर असेल तर एकच रेघ उमटते. पातं सपाट पडलं की दोन समांतर रेघा दिसतात आणि गुण कापले जातात. वळणाच्या जरा आधी कड बदलली किंवा वर्तुळ एका बाजूला दबलं, तरी बर्फावर पुरावा राहतोच. ऑस्ट्रियाची बेआट्रिक्स शुबा यात अजोड होती. फ्री स्केटिंगमध्ये, म्हणजे संगीतावर उड्या-गिरक्या घेत करायच्या भागात, ती सातवी आली, तरी सुवर्ण तिचंच, आणि तेव्हाच्या नियमांनी ते रास्तच होतं. फ्री स्केटिंगमध्ये पहिली आली अठरा वर्षांची अमेरिकन जॅनेट. बसून घ्यायच्या गिरकीत ती पडली, हसत उठली आणि जपानी प्रेक्षकांनी तिला डोक्यावर घेतलं.

टीव्हीवर लोकांना दिसायचं ते मुख्यतः फ्री स्केटिंग, त्यामुळे निकाल त्यांच्या पचनी पडेना. १९७३पासून शॉर्ट प्रोग्रॅम, म्हणजे ठरवून दिलेल्या उड्या-गिरक्यांचा छोटा भाग, आला आणि फिगर्सचा वाटा ४० टक्क्यांवर उतरला. त्याच वर्षी ब्रातिस्लाव्हाच्या जागतिक स्पर्धेत जॅनेट नेमकी शॉर्ट प्रोग्रॅममध्येच पडली आणि तिला रौप्य मिळालं. १९९०नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून फिगर्स हद्दपारच झाल्या.

मला मात्र नियमांपेक्षा तिची बर्फावरची चाल मोठी वाटते, आणि ती चाल त्याच कंटाळवाण्या फिगर्सनी घडवली होती. उडीनंतर ती मागच्या दिशेने, बाहेरच्या कडेवर उतरते तेव्हा तिचा गुडघा पाहा. पाय टेकल्यावरही तो खाली दबत राहतो, म्हणून वेग टिकतो आणि पाऊल लांब वळण घेत जातं. गुडघा ताठ राहिला तर भार पुढे सरकतो, पात्याच्या टोकाचे दात बर्फात खरडतात आणि वळण तिथेच मरतं. मग तोल सावरायला हात फेकावे लागतात. पाय ओलांडून वेग घेतानाही तेच: रेटा पात्याच्या कडेने द्यायचा. टोकाने दिला की खरखर ऐकू येते आणि वेग निम्मा वाया जातो.

आज परीक्षक ‘स्केटिंग स्किल्स’ म्हणून वेगळे गुण देतात, त्यात हेच बघतात. तिचं जुनं चित्रण मिळालं तर आधी उड्या मोजू नका. दोन उड्यांमधली पावलं बघा. उडीची तयारी कुठे सुरू झाली, ते शोधून सापडत नाही.