हलकी स्टॅबिलिटी जोडी, २१४ किमी: डाव्या पायाच्या फोडाचा छडा लागला

सापडलं एकदाचं! पळण्याच्या या नव्या बुटांत डाव्या आर्चवरचा (तळव्याच्या आतल्या कमानीवरचा) जो फोड गेले तीन आठवडे छळत होता त्याचं कारण काल संध्याकाळी हातात आलं, म्हणजे अक्षरशः हातात, इनसोल (बुटाच्या आतली पातळ गादी) बाहेर काढून बघत होते तेव्हा. ३०० किमी झाल्याशिवाय पुढची नोंद लिहायची नाही असं ठरवलं होतं, ते मोडून आत्ताच लिहायला बसलेय, नाहीतर बारीकसारीक गोष्टी विसरून जाईन.

आधी आकडे पटकन. एकूण २१४ किमी, त्यातले १६० च्या आसपास निवांत पळणं, दोन टेम्पो (बऱ्यापैकी वेगाने पळणं), बाकी लाँग रन. वजनकाट्यावर डावा २२८ ग्रॅम, उजवा २२९. जुन्या जाडजूड जोडीतला एक बूट २९१ भरला होता, म्हणजे एका पायामागे ६२-६३ ग्रॅम वाचले. बुटाचं वजन १०० ग्रॅमने वाढलं की ऑक्सिजनचा खर्च साधारण १ टक्का वाढतो हे आपल्याला माहितीये, त्या हिशेबाने माझा फायदा अर्ध्या टक्क्याच्या जरा वर, घड्याळात दिसणारच नाही इतका. पण १२व्या किमीनंतर पाय उचलताना जे सुख वाटतं ते या हिशेबात बसत नाही. मला ही जोडी, मी तिला ‘हलकी’च म्हणते, मनापासून आवडलीये हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे बरीच तक्रार येणारे.

तर तो फोड. उजव्या पायाला काहीच नाही, एकदाही नाही. डाव्याला बरोब्बर ९ किमीच्या सुमाराला सुरू व्हायचं. पहिल्यांदा वाटतं मोज्याला आत घडी पडलीये, थांबून मोजा ओढून सरळ करावा तर घडी नसतेच, परत पळायला लागलं की ती ‘घडी’ तिथेच. मग किमीभरात चटका बसल्यासारखं, आणि ११-१२ला नुसती आग. घरी येऊन बघावं तर आर्चच्या आतल्या कडेला, टाचेपासून साधारण आठ सेंमी पुढे, अंगठ्याच्या नखाएवढा फोड. माझा कॅडेन्स (मिनिटाला पावलं) १७० आणि पेस (एका किमीला लागणारा वेळ) ६:३० मिनिटं धरला तर एका किमीत एका पायाची साडेपाचशे पावलं होतात, दहा किमीत साडेपाच हजार वेळा तीच जागा घासली जाते, कातडी काय टिकणार.

पहिला संशय साहजिकच कडेच्या भिंतीवर. आपल्या जुन्या स्टॅबिलिटी बुटांत, म्हणजे पाय आत कलू नये म्हणून आधार देणाऱ्या बुटांत, आतल्या बाजूला कडक फोमचा ठोकळा असायचा, मिडियल पोस्ट, पाय आत कलायला लागला की तो अडवायचा. आता बऱ्याच कंपन्या ते सोडून देतायत. आसिक्सने २०२३ साली कायानो ३० मध्ये पोस्ट काढून टाकला, ब्रूक्सने त्याआधीच टाचेच्या दोन्ही बाजूंना गाइडरेल, म्हणजे आधाराच्या कडा, लावले. आता सगळं काम रुंद तळ, वर आलेल्या फोमच्या कडा आणि तळाचा आकार यांच्यावर. हलकीपण तसलीच. पाय फोमच्या वर नाही तर फोमच्या आत बसतो, एखाद्या खोलगट वाटीत बसल्यासारखा. म्हणून मला वाटलं ही आतल्या बाजूची उंच कडाच माझ्या आर्चला लागतेय, आणि त्या कल्पनेला मी दोन आठवडे धरून बसले.

खडूचा प्रयोगही केला. काळे मोजे घातले, बुटाच्या आत त्या कडेवर पांढरा खडू चोळला, आणि ३ किमी पळून आले. मोज्यावर खडू उमटला, पण फोडाच्या जागेवर नाही, जवळजवळ एक सेंमी वर. तेव्हाच कळायला हवं होतं. कडा जिथे लागत होती तिथे फोड नव्हता आणि फोड जिथे होता तिथे कडा नव्हती, एवढं समोर दिसत असून मी म्हटलं ३ किमीत काय कळतंय, पाय अजून सुजला नसेल, आणि पुढे गेले.

मग मोजे. जाड, पातळ, पाच बोटांचे, तिन्ही झाले. पाच बोटांचे बोटांसाठी उत्तम आहेत, लाँग रनला मी तेच घालते, पण आर्चला त्यांचा काही उपयोग नाही. सुती मोजे वापरून बघ असं एकीने सुचवलं, ते मात्र मी करणार नाही, सूत घाम धरून ठेवतं आणि ओली कातडी लवकर सोलते.

मग लेस. आर्चच्या समोरची लेसची एक जोडी भोकं वगळून बांधली, दाब कमी झाला, चटका ९ऐवजी ११ किमीला आला. म्हणजे काहीतरी बरोबर पण पूर्ण नाही. जाता जाता लेसबद्दल, हलकीबरोबर आलेल्या लेस गोल आणि गुळगुळीत आहेत, दुहेरी गाठ मारूनही सैल पडतात. मी जुन्या जोडीच्या चपट्या लेस काढून घातल्या आणि तो त्रास तिथेच संपला. चपटी लेस पायाच्या वरच्या बाजूला दाब नीट पसरवते, माझं तरी हेच मत.

मग रस्त्याचा उतार. ही कल्पना मला फार आवडली होती, खरंतर. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. मी जाताना-येताना दोन्ही वेळा उजव्या कडेने पळते, म्हणजे माझा डावा पाय कायम चढाच्या बाजूला, आणि चढाच्या बाजूचा पाय आत जास्त कलतो. फक्त डाव्याच पायाला का, याचं इतकं सरळ उत्तर मिळाल्यावर मी जवळजवळ नाचलेच. चार रन डाव्या कडेने केले. चटका आला, डाव्यालाच आला, फक्त किमीभर उशिरा.

या टप्प्यावर दुकानदाराला विचारलं, ज्याच्याकडून ऑनलाइन घेतले त्याला. उत्तर आलं की पळलेले बूट बदलून मिळणार नाहीत आणि पायाला हळूहळू सवय होईल. फोडाची कसली सवय? दोन महिने पळणाऱ्या माणसाला असं सांगितलं की तो गुमान घट्टा पडेपर्यंत पळत राहतो, याचा मला राग येतो.

ओळखीच्या धावणाऱ्यांपैकी निम्म्यांनी सांगितलं तुझा पाय जास्त प्रोनेट होतो म्हणजे आत कलतो, आणखी कडक सपोर्ट घे, आणि उरलेल्यांनी सांगितलं स्टॅबिलिटी बूट ही भानगडच सोड, न्यूट्रल (असा आधार नसलेले) घाल. दोन्ही बाजूंकडे दाखवायला अभ्यास आहेत. २०१४ मध्ये डेन्मार्कच्या मंडळींनी ९२७ नवख्या धावणाऱ्यांना वर्षभर साधे न्यूट्रल बूट देऊन बघितलं, आत कलणाऱ्या पायांना दुखापती जास्त होतात असं काही निघालं नाही. २०१६ मध्ये लक्झेंबर्गमध्ये ३७२ जणांवर सहा महिने चाचणी झाली, त्यात मोशन कंट्रोल, म्हणजे पायाचं आत कलणं अडवणाऱ्या, बुटांनी दुखापती कमी झाल्या आणि तो फायदा मुख्यतः प्रोनेट होणाऱ्या पायांना झाला. मला हे दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध वाटत नाहीत. पाय आत कलणं हा आजार नाही, पण कलणाऱ्या पायाला आधार बरा वाटू शकतो, इतकंच. माझ्या पोटरीला आणि नडगीला आधाराने आराम पडतो हे दोन वर्षांच्या माझ्याच नोंदीत दिसतंय, त्यामुळे स्टॅबिलिटी सोडायचा प्रश्न नव्हता. आणि ओल्या पावलाच्या ठशावरून बूट निवडायला सांगणाऱ्यांचं मी आता ऐकतच नाही. उभ्या पायाचा ठसा पळतानाच्या पायाबद्दल फारसं काही सांगत नाही.

आता मुख्य. परवा लाँग रनच्या आधी मोबाइलवर मागून स्लो मोशन काढायचं होतं, म्हणून टाचेच्या मागे उभी पट्टी चिकटवत होते. हातात मार्कर होताच, तेव्हा सहज मनात आलं की आतपण खूण करू. इनसोलच्या मागच्या टोकाला एक आडवी रेघ काढली आणि तीच रेघ बुटाच्या आतल्या अस्तरावर पुढे नेली, दोन्ही पायांत, म्हणजे इनसोल जागचा हलला तर रेघ तुटलेली दिसणार. १३ किमी पळाले, फोडाची जागा नेहमीसारखी पेटली, आणि घरी आल्यावर थकव्यात बघायचंच राहिलं. काल संध्याकाळी बूट वाळत टाकायला इनसोल काढायला गेले आणि दिसलं. उजव्यातली रेघ सलग. डाव्यातली तुटलेली, इनसोल ६ मिमी पुढे सरकलेला, बोटांपाशी त्याचं टोक किंचित वर वळलेलं, आणि आर्चच्या बाजूची त्याची पातळ कडा फोमच्या भिंतीवर चढून आत दुमडलेली. ती ‘मोज्याची घडी’ हीच! बोट फिरवलं तर पातळ, कडक पापुद्र्यासारखी कड लागली, बरोब्बर फोडाच्या उंचीवर.

पण डाव्यातलाच का सरकला? इनसोल दोन्हीकडे सारखेच, दोन्हीकडे फक्त टाचेखाली गोंदाचे दोन ठिपके. मग कागदावर उभी राहून दोन्ही पाय आखले आणि मोजले, संध्याकाळी, पाय थोडे फुललेले असताना. उजवा २४३ मिमी, डावा २३९. चार मिमी. अर्धा साइझ म्हणजे साधारण ४.२ मिमी, म्हणजे माझा डावा पाय उजव्यापेक्षा जवळजवळ अर्धा साइझ लहान आहे आणि इतकी वर्षं मी दर वेळी फक्त उजव्यात बोटांपुढे जागा बघून बूट घेत आलेय. डावा पाय बुटात दर पावलाला थोडा पुढे घसरतो, घामाने ओला झालेला मोजा इनसोलला चिकटतो आणि त्याला सोबत ओढत नेतो, उतारावर आणखीच. ९ किमी लागायचे कारण तोवर गोंदाचे ठिपके तग धरायचे, घाम झिरपला की सुटायचे.

उपाय रात्रीच केला. दुतर्फी टेप लावली, कापडी, फोमची नाही. फोमची टेप जाड असते आणि दाबली की स्वतःच सरकते, आणि लिक्विड गोंद वाळून कडक होतो, पायाला टोचतो. टेप फक्त टाचेखाली आणि आर्चखाली, चवड्याखाली मुद्दाम नाही, तिथे इनसोल वाकायला मोकळा हवा. आणि डाव्या पायाला रनर्स नॉट, म्हणजे सगळ्यात वरच्या जादा भोकातून छोटा फास करून त्यातून समोरची लेस ओढायची, टाच मागे घट्ट बसते. उजव्याला नेहमीचीच गाठ.

आज सकाळी १४ किमी. नवव्या किमीला वाट बघत होते. दहावा गेला, बारावा गेला. चौदाव्यालाही चटका नाही, घरी येऊन बघितलं तर जुन्या फोडाभोवती थोडी लाली, बस. रेघ सलग. एकच रन आहे, मान्य, पण दरवाज्यातच बसून मी ती रेघ तीन वेळा बघितली.

आणि हे लिहिता लिहिता उठून एक गोष्ट तपासून आले, कारण मनात आलं की जुन्या जोडीत हे कधीच का झालं नाही, पाय तर तेच. तिचा इनसोल उचलायचा प्रयत्न केला, निघतच नाही, टोकापासून टोकापर्यंत चिकटवलेला आहे! हलक्या बुटात ग्रॅम वाचवायला पातळ इनसोल आणि थोडा गोंद, असं असणार. पुढच्या वेळी बूट हातात घेतला की वजन आणि ड्रॉप (टाच आणि चवड्याच्या उंचीतला फरक) बघायच्या आधी इनसोल चिमटीत धरून उचलून बघणार.

आता यावरून एक मोठीच भानगड लक्षात येतेय. मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की थकल्यावर डावी टाच हलकीमध्ये जुनीपेक्षा जास्त आत कलते, म्हणून सपोर्ट कमी पडतो. ते व्हिडिओ १२ किमीनंतर काढलेले होते, म्हणजे तेव्हा डावा पाय पुढे सरकलेला असणार, टाच तिच्या वाटीत नीट बसलेलीच नव्हती आणि आर्चचा उंचवटा भलत्याच जागेखाली होता. त्या बुटाला मी नीट संधीच दिली नाही. तो निष्कर्ष मागे घेते, सगळे व्हिडिओ परत काढायचे. २ किमी आणि १४ किमी, दोन्ही पाय, त्याच सपाट जागी, शक्यतो त्याच वेळेला, कारण गारठ्यात फोम कडक लागतो आणि मग तुलना बिघडते.

म्हणजे या आठवड्यातला टेम्पो रद्द. रविवारी १८चा लाँग रन ठरला होता तो १६ करते, व्हिडिओसाठी मध्ये थांबावं लागेल. आणि रनर्स नॉटने डाव्या घोट्याच्या पुढे थोडं दाबल्यासारखं झालं आज, तर नॉटऐवजी डाव्या टंगच्या (लेसखालच्या जिभेच्या) खाली पातळ फेल्टचा तुकडा लावून बघावा असं वाटतंय, पाय आपोआप मागे ढकलला जाईल आणि जागाही भरेल. जुन्या कपाटातून ३ मिमीचं फेल्ट निघालंय, कापून ठेवलंय, उद्याच्या ६ किमीला तेच घालून जाते, आत नवी रेघ काढून.