होंडा सिटी व्हीटेकच्या पोटाखाली

‘ताई, सिटीला कुठला फ्री फ्लो बसवू?’ असं कुणी विचारलं (फ्री फ्लो म्हणजे धुराला कमी अडवणारा एक्झॉस्ट) की मी उलट विचारते, आत्ता खाली काय बसलंय ते पाहिलंस का? बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. वीस वर्षं जुन्या गाडीखाली कंपनीचा एक्झॉस्ट अजून आहे असं धरून चालणारी माणसं मला फार भाबडी वाटतात. मधल्या काळात तीन मालक, पाच गॅरेजं आणि पुण्याचे स्पीडब्रेकर होऊन गेलेले असतात.

माझी सिटी २००२ची, एमएच १२, चंदेरी. १४९३ सीसीचं सिंगल कॅम इंजिन, १०६ बीएचपी. वरच्या आरपीएमला इनटेकचे व्हॉल्व्ह कॅमच्या मोठ्या लोबवर जातात, म्हणजे जास्त उघडतात (हेच व्हीटेक), आणि तोवर सभ्यपणे चाललेली गाडी एकदम ओरडायला लागते. २००३ साली होंडाने तिच्या जागी ‘डॉल्फिन’ सिटी आणली, ७७ अश्वशक्तीची. ती मायलेजला उत्तम होती, पण जुनीच्या चाहत्यांनी ते दुःख अजून पचवलेलं नाही. मीही त्यातलीच.

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे, त्यामुळे पर्समध्ये व्हर्निअर (बारीक मापं घेणारी पट्टी) असतो आणि ‘अंदाजे’ या शब्दाची ॲलर्जी आहे. गाडी घेतली तेव्हा आधीच्या मालकांनी सांगितलं होतं, ‘एक्झॉस्ट ओरिजिनल आहे.’ ओळखीच्या गॅरेजमध्ये गाडी रॅम्पवर चढवली आणि टॉर्च, चुंबक, व्हर्निअर, तारेचा ब्रश घेऊन मागून पुढे निघाले.

मागचा मफलर पहिल्याच नजरेत खोटा ठरला. कंपनीच्या मालावर ठसा असतो आणि वेल्डची रेघ यंत्राने ओढल्यासारखी सरळ असते. इथे ठसा नव्हता, वर चंदेरी ॲल्युमिनियम पेंट होता आणि जोडावर आर्क वेल्डिंगचे गोळे. नाना पेठेत असा माल ढिगाने मिळतो, वाईट असतोच असं नाही, पण त्याला ओरिजिनल म्हणू नये. शेपटीतून टॉर्च मारला तर आत आडवी भिंत दिसली. सरळ आरपार भोकाभोकांची नळी आणि तिच्याभोवती ग्लासवूल असेल, तर तो फ्री फ्लो प्रकारचा मफलर. भिंत दिसली तर आत कप्पे आहेत, वायू वळणं घेत बाहेर येतो. बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं तर एका बाजूला पत्रा खुळखुळत होता. आतला एक कप्पा सुटलेला.

मधल्या नळीला चुंबक चिकटला. कंपन्या एक्झॉस्टला बहुधा ४०९ ग्रेडचं स्टील वापरतात. त्यात क्रोमियम साधारण ११ टक्के असतं आणि ते चुंबकाला चिकटतं. वरून तपकिरी दिसतं पण तारेचा ब्रश मारला की खाली धातू घट्ट निघतो. साध्या लोखंडाची मात्र पापडी सुटते. माझी मधली नळी घट्ट निघाली, म्हणजे तेवढा तुकडा तरी बहुधा मूळचा. व्यास बाहेरून ४५ मिलिमीटर. मागच्या ॲक्सलवरून नळी जाते तिथे मात्र कुणीतरी नंतर साध्या बेंडिंग मशीनवर वाकवलेला तुकडा लावला होता. अशा मशीनवर बेंडच्या जागी नळी चेपते. तिथे व्हर्निअर आडवा धरला तर ३६. आता पुढे अडीच इंची काय नि तीन इंची काय, वायूला जायचंय त्या ३६ मधूनच.

सगळ्यात वाईट बातमी पुढे होती. कॅटकॉनचं, म्हणजे विषारी धूर कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं, बाहेरचं कवच शाबूत, पण रबरी हातोडीने टकटक केलं तर भांडं रिकामं वाजलं. आतली जाळी कुणीतरी फोडून काढलेली. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, त्यामुळे भंगारात तिला चांगला भाव मिळतो. मालकाला ‘चोक झाला होता, मोकळा करून दिला’ असं सांगितलं जातं, आणि मालक वर मजुरीही देतो. आणि या गाडीसोबत मला पीयूसीचं प्रमाणपत्र चालू तारखेचं मिळालं होतं. यावर मी अधिक बोलत नाही.

राहिली गळती. इंजिन गार असताना व्हॅक्यूम क्लीनरची हवा फेकणारी बाजू शेपटीला लावायची, फडक्याने फट बुजवायची आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारायचं. इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या मॅनिफोल्डच्या खालच्या फ्लँजला, म्हणजे जोडपट्टीला, फेस आला. ही गळती फक्त आवाजाची नसते. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी फट असेल तर दोन ठोक्यांच्या मधे बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल वाढवतो. गाडी तहानलेली का होती ते तिथे कळलं.

एवढं कळल्यावर काय करायचं ते जवळपास आपोआप ठरलं. कॅटकॉन नवा, कारण तो नसलेली गाडी रस्त्यावर आणणं मला पटत नाही. त्याच्या मागे सलग एका व्यासाची, मँड्रेल बेंडची नळी. मँड्रेल म्हणजे वाकवताना आत आधार सरकवतात, त्यामुळे वळणावर व्यास टिकतो. रेझोनेटर (घुमणारा आवाज कमी करणारा छोटा डबा) एक, मफलर आरपार प्रकारचा पण मोठ्या पोटाचा.

व्यासावरून भोसरीच्या वेल्डरकाकांशी वाद झाला. शेडमध्ये शिरल्याबरोबर त्यांचा पहिला प्रश्न, ‘ताई, आवाज पाहिजे का पिकअप?’ मी म्हटलं पिकअप, तर म्हणाले मग अडीच इंची टाकू. मी कागदावर मांडून दाखवलं. ४५ची नळी, पत्रा दीड मिलिमीटर, आतला व्यास ४२, क्षेत्रफळ सुमारे १३८५ चौरस मिलिमीटर. दोन इंची, १.६चा पत्रा, सुमारे १७८०. म्हणजे २८ टक्क्यांनी जास्त. अडीच इंची सुमारे २८५५, मूळच्या दुपटीहून जास्त. दीड लिटरच्या, टर्बो नसलेल्या इंजिनाला एवढी पोकळी दिली की वायूचा वेग पडतो. वेगाने निघालेला एक ठोका आपल्यामागे पुढच्याला ओढत नेतो, तीच ओढ खालच्या आरपीएमला कामाची असते. कात्रजच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये मला तीच हवी. काकांनी कागद खिशात घातला आणि ‘बरं, दोन इंची’ म्हणाले. टर्बोची ऑक्टाव्हिया असती तर मीच मोठा व्यास मागितला असता, तिथे टर्बाइनच्या मागे जितकं मोकळं तितकं बरं.

स्टील ३०४ घेतलं. इथे चुंबकाचा उपयोग नाही. ३०४ला तो चिकटत नाही, पण स्वस्तातल्या २०२लाही चिकटत नाही, आणि बाजारात २०२ सर्रास ३०४ म्हणून खपवतात. त्यासाठी तपासणीचं द्रावण मिळतं. एक थेंब टाकायचा, नऊ व्होल्टची बॅटरी टेकवायची. २०२मधल्या मँगनीजमुळे थेंब लाल होतो. दुकानदारासमोर बाटली काढली की तो स्वतःहून दुसऱ्या रॅकवरची नळी आणतो, हा माझा अनुभव.

जोड आर्गन वेल्डिंगने, आणि नळीच्या आतूनही आर्गन वायू सोडून. नाहीतर वेल्डच्या आतल्या बाजूला काळे खरखरीत दाणे येतात. ३०४ तापल्यावर बरंच वाढतं. दोन मीटर नळी ३०० अंशांनी तापली तर सुमारे १० मिलिमीटर. म्हणून पुढे जाळीचा लवचीक तुकडा (फ्लेक्स) हवाच आणि हँगर रबराचे हवेत. लोखंडी पट्टीने कायमची आवळून टाकलेली नळी कुठेतरी तडकणारच.

पहिल्या फेरीत गाडी छान वाजली, पण द्रुतगती मार्गावर ३००० आरपीएमला केबिनमध्ये घूं घूं. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन ठोके, म्हणजे ३००० आरपीएमला सेकंदाला १००. मोबाइलच्या ॲपवरही शिखर १०० हर्ट्झलाच होतं. यावर इलाज म्हणजे मुख्य नळीला फांदीसारखी एक बंद तोंडाची नळी जोडायची, लांबी त्या ध्वनीच्या तरंगलांबीच्या पाव. गरम वायूत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ४५० मीटर धरला तर पाव तरंगलांबी एक मीटर बारा सेंटिमीटर. लाट आत जाऊन परत येते तेव्हा नेमकी उलटी असते आणि मूळच्या लाटेला खोडते. काकांना हे अजिबात पटेना. ‘तोंड बंद केलेल्या नळीतून धूर जाणार कुठं?’ शेवटी म्हणाले, तुमचे पैसे, तुमची नळी. जागा काढायला ती दुमडावी लागली. जोडून फेरी मारून आलो, काका शेजारी बसले होते, ३०००ला काटा धरला आणि त्यांनी रेडिओ बंद आहे ना ते तपासलं. आता ते इतर गिऱ्हाइकांनाही ‘बंद नळी’ सुचवतात असं ऐकते.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदलांना मनाई करतं, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये ते अधोरेखित केलंय. आवाज किंवा धुराचे नियम मोडले तर कलम १९०(२)खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मी कॅटकॉन ठेवला, आवाज जवळपास कंपनीएवढा ठेवला आणि मधली मूळ नळी माळ्यावर जपून ठेवली आहे, कारण पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नूतनीकरणाला गाडी आरटीओत न्यावी लागते. ज्यांना सायलेन्सरमधून फटाके फोडायचे आहेत त्यांनी निदान एवढं लक्षात ठेवावं की मोटारींचे आवाज ७.५ मीटरवर माइक ठेवून मोजणारी एआरएआय ही वाहनतपासणी संस्था आपल्याच पुण्यात वेताळ टेकडीवर आहे.

पीयूसी यंत्रासमोर उभं राहून काढली. बीएस-२ या जुन्या प्रदूषण मानकाच्या गाडीला आयडलला, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन नुसतं चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएम इतकी मुभा आहे, माझी दोन्हीत आरामात खाली आली. ताकद किती वाढली? डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) चढवलेली नाही, त्यामुळे आकडा सांगणार नाही. कॅटकॉनच्या मागचं बदलून अशा इंजिनात चार-पाच एचपी मिळाले तरी खूप. खरा फरक ओतीव मॅनिफोल्ड काढून ४-२-१ हेडर, म्हणजे चाराच्या दोन आणि दोनाची एक होणाऱ्या नळ्यांचा संच, लावल्यावर पडेल. त्याची फ्लँज १० मिलिमीटरची कापून आणली आहे. वेल्डिंगच्या वेळी ती आवळून ठेवायला भंगारातलं सिलिंडर हेड शोधतेय. नाहीतर फ्लँज वाकते आणि गॅस्केट बसत नाही. कुणाकडे असेल तर कळवा, व्हॉल्व्ह खराब असलेलंही चालेल.